कोपर बरगडीला, हात बाहेर: आखडलेल्या खांद्याचे एकोणीस महिने

डावा खांदा, एकोणीस महिने, दोन इंजेक्शनं, शस्त्रक्रिया नाही. माझ्याविषयी एवढंच पुरे. पुढे आहे ती वाट: कुठल्या तपासणीत काय पाहतात आणि का, महिने कुठे फुकट जातात, कागद कोणते लागतात, आणि चांगला म्हणून सांगितलेला व्यायाम कोणत्या महिन्यात करायचा नसतो.

पहिले सहा आठवडे

दुखणं खांद्यात सुरू झालंय असं वाटतच नाही. दुखतो तो दंड, बाहेरच्या बाजूने, खांदा आणि कोपर यांच्या साधारण मधोमध, जिथे डेल्टॉइड स्नायू हाडाला चिकटतो तिथे. म्हणून पहिले काही आठवडे लोक दंडाला मलम चोळत बसतात. खांद्याच्या सांध्यातली वेदना मेंदूला दंडातून आल्यासारखी भासते. दंड कितीही चाचपला तरी नेमकी दुखरी जागा सापडत नाही, हीच तिची खूण.

दुसरी खूण झटक्याची. हातून निसटलेली वस्तू पकडायला हात पटकन पुढे गेला की अशी कळ येते की माणूस हात पोटाशी धरून मिनिटभर जागच्या जागी उभा राहतो. मग ती ओसरते आणि विसरलीही जाते. तिसरी खूण रात्रीची: त्या कुशीवर वळलं की जाग येते, आणि पुढे पुढे न वळताही येते. चौथी सगळ्यात उशिरा लक्षात येते, कारण शरीर तोवर पळवाटा शोधून बसलेलं असतं. मागच्या खिशातलं पाकीट दुसऱ्या हाताने काढलं जातं, पाठीमागचा हुक पुढे आणून लावला जातो, शर्टाच्या बाहीत हात घालताना अंगच वाकडं होतं.

या काळात मोच, अवघडणं, मानेचं दुखणं, सगळं सारखंच दिसतं. दोन-तीन आठवडे थांबून पाहण्यात चूक नाही. चूक होते ती नोंद न ठेवण्यात. दुखणं कधी सुरू झालं, त्याआधी पडणं-झडणं झालं होतं का, रात्री किती वेळा जाग येते, कोणती हालचाल आधी गेली, मधुमेह किंवा थायरॉइड आहे का, चालू औषधं कोणती, एवढं एका कागदावर असावं. पुढे प्रत्येक ठिकाणी हेच विचारतात, आणि तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत माणूस वेगळीच तारीख सांगू लागतो. विम्याचे कागद भरताना या दोन तारखांचा मेळ बसत नाही आणि फाइल अडते.

काही गोष्टींसाठी मात्र दोन आठवडेही थांबायचं नाही. पडल्यानंतर किंवा झटका बसल्यानंतर हात उचलताच येत नसेल तर आठवड्याच्या आत दाखवावं. टेंडन (स्नायू हाडाला बांधणारा दोर) नव्याने पूर्ण तुटलं असेल तर ते जोडण्याची शस्त्रक्रिया लवकर झालेली बरी. उशीर झाला की तुटलेलं टोक मागे सरकतं आणि स्नायूत चरबी भरते. ताप, सांधा लाल आणि गरम, कारण नसताना वजन घटणं, खांद्यापाशी गाठ, आधी कधी कर्करोग झालेला असणं, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. डाव्या खांद्यात दुखून छाती भरून येणं, घाम, दम लागणं ही खांद्याची तक्रार नव्हे, हृदयाची असू शकते. उजव्या खांद्याच्या टोकावरचं दुखणं कधी पित्ताशयातून आलेलं असतं. तसं असेल तर खांदा हलवल्याने ते वाढतही नाही आणि कमीही होत नाही.

आरशासमोरची दोन मिनिटं

दोन्ही कोपर बरगड्यांना चिकटवायचे, काटकोनात वाकवायचे, तळवे समोरासमोर. आता कोपर न सोडता दोन्ही पंजे दारं उघडल्यासारखे बाहेर न्यायचे. निरोगी खांद्यात हात साठ अंशांच्या आसपास किंवा पुढेही जातो. आखडत चाललेल्या खांद्यात तो वीस-तीस अंशांवर अडतो आणि कोपर बरगडीपासून सुटून फसवायला बघतो. पुढची पायरी: अडलेल्या हाताला दुसऱ्या हाताने किंवा काठीने हलकेच बाहेर ढकलायचं.

ढकलूनही हात जात नसेल तर सांधाच आखडला आहे. ढकलल्यावर सहज जातो पण आपण होऊन नेता येत नाही, असं असेल तर संशय स्नायूवर किंवा त्याच्या टेंडनवर जातो. आखडलेला खांदा आणि फाटलेला खांदा यांच्यातला फरक मुख्यतः एवढाच, आणि यंत्राशिवाय तो बराचसा कळतो. हात वर उचलण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं; पण वर उचलताना पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड, वर सरकून मदत करतो आणि खोटा आकडा दाखवतो. हात बाहेर फिरवताना ही लबाडी फारशी चालत नाही. म्हणून एकच माप धरायचं झालं तर ते हेच. निदानाला हेच, टप्पा ओळखायला हेच आणि सुधारणा मोजायलाही हेच.

मोजण्याची सोपी रीत अशी. उताणं झोपायचं, कोपराखाली घडी केलेला पंचा, कोपर अंगालगत, हात काटकोनात वर छताकडे. हे शून्य. मग हात बाहेरच्या बाजूला पडू द्यायचा. गादीला टेकला तर नव्वद. फोनमधलं कोन दाखवणारं अ‍ॅप मनगटाजवळ टेकवलं की आकडा मिळतो. उभं राहून मोजायला गेलं तर ते चालत नाही, कारण तेव्हा हात आडव्या पातळीत फिरतो आणि फोनला कोन कळतो तो गुरुत्वाकर्षणावरून.

दुसरं माप पाठीमागचं: अंगठा पाठीवर जितका वर जाईल तिथपासून मानेच्या तळाशी जो मणका टोकदार लागतो तिथपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये. त्यासाठी शिंप्याची टेप आणि दुसरा माणूस लागतो. दोन्ही बाजूंची मापं घ्यायची, कारण कोणाचं किती जातं हे मुळात वेगवेगळं असतं. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी. रोज मोजलं तर फक्त मनस्ताप वाढतो.

पहिली भेट आणि पहिली चूक

पहिल्या भेटीत बहुतेक वेळा दहा-पंधरा दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या मिळतात. तेही रास्तच आहे. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या जेवणानंतर घ्याव्यात. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी औषधं यांपैकी काही असेल तर ते गोळी घेण्याआधी सांगावं. एकाच वेळी अशा दोन गोळ्या घेऊ नयेत. नावं वेगळी आणि औषध एकाच जातीचं, हा घोळ घरोघरी होतो.

गोळ्या संपेपर्यंत दुखणं थोडं दबतं, हालचाल मात्र आणखी घटते. इथेच लोक "थोडं बरं आहे" म्हणून दोन महिने घालवतात. दुखणं किती कमी झालं यापेक्षा हात किती बाहेर गेला ते पाहावं. तो आकडा दोन आठवड्यांत खाली आला असेल तर पुढची भेट अस्थिरोगतज्ज्ञाकडेच. शिफारसपत्र लागणार असेल तर त्यात दुखण्याची सुरुवात, बाजू, झालेले उपचार आणि "सक्रिय व असक्रिय दोन्ही हालचाली मर्यादित" ही ओळ लिहून घ्यावी (सक्रिय म्हणजे आपण होऊन केलेली, असक्रिय म्हणजे दुसऱ्याने हात हलवून). या एका ओळीने पुढचं बरंच काम वाचतं.

तज्ज्ञाच्या तपासणीला सैल, पुढून उघडणारे कपडे घालावेत. तपासणी नीट होत असेल तर ती पाठीमागून सुरू होते: दोन्ही फरे सारखे आहेत का, कुठे स्नायू वाळलाय का. मग मान. मान वळवल्यावर दुखणं वाढत असेल, कोपराखाली बोटांपर्यंत मुंग्या उतरत असतील, तर मूळ मानेत असण्याची शक्यता मोठी. त्यानंतर हात आपला आपण हलवायचा आणि मग डॉक्टर फरा एका हाताने दाबून धरून दुसऱ्या हाताने तो हलवतात. फरा धरल्याशिवाय घेतलेलं माप मोजू नये. तो मोकळा असला तर आखडलेला हातही बऱ्यापैकी वर गेलेला दिसतो.

पुढच्या चाचण्यांत हात वर नेऊन किंवा आत वळवून टेंडन चेपलं जातंय का ते पाहतात. यांना नीअर आणि हॉकिन्स चाचणी म्हणतात. अडचण अशी की आखडलेल्या खांद्यातही या दोन्ही चाचण्यांत दुखतं, कारण त्या सांध्याला हालचालीच्या टोकाला नेतात. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत कागदावर "इम्पिंजमेंट" किंवा "टेंडिनायटिस" लिहिलं जाणं ही नेहमीची चूक. तिची किंमत अशी: रबरी पट्ट्यांचे ताकदीचे व्यायाम सुरू होतात, चिडलेला सांधा आणखी चिडतो आणि रुग्णालाच "तुम्ही व्यायाम नीट करत नाही" असं ऐकावं लागतं. त्या क्षणी शांतपणे विचारावं: बाहेर फिरवण्याची असक्रिय हालचाल किती अंश, आणि दुसऱ्या बाजूला किती? आकडा कागदावर लिहून घ्यावा.

फोटो, रक्त आणि एमआरआय

एक्स-रे साधा, स्वस्त आणि आवश्यक. आखडलेल्या खांद्याचा एक्स-रे बहुधा निर्दोष येतो. "सगळं नॉर्मल आहे" हे ऐकून हिरमुसायचं कारण नाही, तो काढलाच जातो बाकीचं वगळायला: सांध्याची झीज, टेंडनमध्ये साठलेलं कॅल्शियम, हाडातली गाठ, आणि मागे निसटलेला सांधा. हा शेवटचा प्रकार विजेचा धक्का किंवा फिट आल्यानंतर होतो. त्यातही हात बाहेर फिरत नाही आणि फक्त समोरून काढलेल्या फोटोत तो सुटून जाऊ शकतो. म्हणून किमान दोन दिशांनी फोटो हवा, त्यातला एक काखेच्या बाजूने. हात फार वर जात नसेल तर तंत्रज्ञाला आधीच सांगावं. कमी उचलून काढायच्याही पद्धती आहेत.

रक्ताच्या तपासण्यांत उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) हव्यातच. सर्वसाधारण लोकांत खांदा आखडण्याचं प्रमाण दोन ते पाच टक्के धरतात, मधुमेहींत ते दहा ते वीस टक्क्यांपर्यंत जातं. कित्येकांना मधुमेह असल्याचं कळतं ते खांद्यामुळेच. एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून जास्त आलं तर खांद्याइतकंच लक्ष तिकडेही द्यावं लागतं, कारण मधुमेहात हा आजार जास्त रेंगाळतो आणि इंजेक्शनचा हिशेबही बदलतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे दोन्ही खांदे एकदम धरले असतील आणि सकाळचा ताठरपणा पाऊण तासाहून जास्त टिकत असेल, तर ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या कराव्यात. ते पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका, म्हणजे खांदे आणि कंबरेभोवती दाह होणारा आजार, असू शकतं आणि त्याचा उपचार पूर्ण वेगळा आहे.

एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. निदान हाताने होतं. टेंडन फाटल्याचा संशय असेल, काही अनपेक्षित घडत असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल तरच तो उपयोगी. रोटेटर कफचं (खांद्याभोवतीच्या स्नायू-टेंडनच्या जुडग्याचं) काम सोनोग्राफीनेही बऱ्यापैकी होतं, मात्र करणाऱ्याचा हात बसलेला हवा. एमआरआयचा अहवाल वाचताना एक लक्षात ठेवावं: वय वाढतं तसं टेंडनमध्ये झीज आणि बारीक फाटी न दुखणाऱ्या खांद्यांतही दिसतात. अहवालात "पार्शियल टिअर" दिसलं म्हणून दुखण्याचं कारण सापडलंच असं नव्हे. आखडलेल्या खांद्याच्या खुणा वेगळ्या: काखेकडची सांध्याची पिशवी जाडावलेली, पुढच्या बाजूचं कोराकोह्यूमरल लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) जाड, आणि त्याखालची चरबी नाहीशी.

एमआरआयमध्ये अर्धा-पाऊण तास हात अंगालगत सरळ ठेवून पडून राहावं लागतं. दुखऱ्या खांद्याला हे जड जातं. तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यावी आणि कोपराखाली पातळ गादी मागून घ्यावी; हात हलला की चित्रं पुसट येतात आणि खर्च वाया जातो. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर वेळ ठरवतानाच सांगावं. विमा असेल तर पूर्वमंजुरीच्या अर्जासोबत तपासणीची नोंद आणि एक्स-रेचा अहवाल जोडावा. ते नसल्यामुळेच अर्ज सहसा परत येतो. चित्रांची प्रत घ्यावी, नुसता अहवाल नको. पुढचे डॉक्टर चित्रं मागतात.

नेमकं बिघडलंय काय

१८७२ मध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक दुप्ले यांनी खांद्याभोवतीच्या दाहाचं वर्णन केलं, १९३४ मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक कॉडमन यांनी "फ्रोजन शोल्डर" हे नाव दिलं आणि १९४५ मध्ये नेव्हियासर यांनी "अ‍ॅढेसिव्ह कॅप्सुलायटिस". तिसरं नाव आजही कागदांवर असतं, पण ते थोडं दिशाभूल करतं. पिशवी हाडाला चिकटलेली असते असं नाही. ती स्वतः जाड होते आणि आक्रसते.

खांदा हा उखळीचा सांधा, पण उखळ अगदी उथळ. म्हणून सांध्याभोवतीची पिशवी मुद्दाम सैल असते आणि काखेत तिची घडी पडलेली असते; हात वर गेला की घडी उलगडते. आधी या पिशवीला दाह होतो, मग तंतू तयार करणाऱ्या पेशी तिच्यात कोलॅजन हे चिवट प्रथिन भरत जातात आणि घडी नाहीशी होते. निरोगी सांध्यात वीस-तीस मिलिलिटर द्रव मावतो, आखडलेल्या सांध्यात दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी. सगळ्यात आधी आक्रसतो तो पिशवीचा पुढचा-वरचा भाग, जो हात बाहेर फिरताना ताणला जातो. म्हणून ती हालचाल आधी जाते आणि बहुतेकांची परतते शेवटी.

टप्पे तीन. दुखण्याचा, साधारण दोन ते नऊ महिने. ताठरपणाचा, चार ते बारा. सुटण्याचा, पाच महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. सीमा पुसट आहेत, कोणी सकाळी उठून दुसऱ्या टप्प्यात जात नाही. पण व्यवहारात एक प्रश्न विचारता येतो: हात न हलवता, नुसतं बसल्या-बसल्या किंवा रात्री दुखतं का? हो असेल तर पहिला टप्पा. फक्त हालचालीच्या टोकालाच दुखत असेल तर दुसरा. उपचारांची सगळी गल्लत या प्रश्नाचं उत्तर न घेता पुढे गेल्याने होते.

पहिला टप्पा: दुखणं दाबणं

या महिन्यांत उद्दिष्ट एकच, झोप. उताणं झोपताना कोपर आणि हाताखाली उशी हवी. नुसती खांद्याखाली ठेवली तर कोपर मागे लोंबकळतो आणि पिशवीचा पुढचा भाग रात्रभर ताणला जातो. चांगल्या कुशीवर झोपायचं तर छातीशी जाड उशी धरून दुखरा हात तिच्यावर. कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. हात गळ्यात अडकवून ठेवू नये, ताठरपणा त्याने वेगाने वाढतो.

इंजेक्शनचा सगळ्यात जास्त उपयोग याच टप्प्यात होतो. दाह चालू असताना स्टेरॉइड त्याला दाबतं. नुसता ताठरपणा उरल्यावर दाबण्यासारखं फारसं काही राहत नाही. तरीही ते "शेवटचा उपाय" म्हणून सहा-आठ महिने पुढे ढकललं जातं, आणि हे मला सर्वांत खटकतं. सहसा ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, सोबत लिग्नोकेन हे भुलीचं औषध. विचारायचा प्रश्न: इंजेक्शन सांध्याच्या आत देणार की वरच्या हाडाखालच्या पोकळीत? आखडलेल्या खांद्यासाठी ते सांध्याच्या आत हवं. सोनोग्राफीखाली दिलं तर सुई कुठे आहे ते दिसतं. पाठीमागून देताना सुई खांद्याच्या हाडाच्या मागच्या कोपऱ्याखाली सुमारे दोन सेंटिमीटरवर शिरते. दाबल्यासारखं वाटतं, तीव्र दुखत नाही.

त्या दिवशी संमतिपत्रावर सही करावी लागते. सही करण्याआधी रक्त पातळ करणारी औषधं, चालू असलेला ताप किंवा संसर्ग, त्वचेवरची जखम आणि मधुमेह सांगावा. मधुमेहींची साखर काही दिवस, कधी आठवडाभर चढते, त्यामुळे ती जास्त वेळा मोजावी लागते आणि औषधाची मात्रा आधीच विचारून घ्यावी लागते. पहिले काही तास भुलीमुळे हात हलका वाटतो आणि माणूस हुरळून जातो. मग एक-दोन दिवस दुखणं उलट वाढू शकतं. थंड शेक घ्यावा, घाबरू नये. चेहरा लाल होणं हेही दोन दिवसांचं. खरा परिणाम काही दिवसांत ते आठवड्याभरात दिसतो. ताप आला, सांधा लाल-गरम झाला किंवा तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढतच गेलं तर त्याच दिवशी दाखवावं; संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर थांबत नाही.

इंजेक्शनची फळं काही आठवडेच टिकतात. ते बरं होणं नव्हे, व्यायामाला मिळालेला अवकाश असतो. गरज पडली तर काही आठवड्यांच्या अंतराने दुसरं देतात; त्यापुढे एकामागून एक देत राहण्यात अर्थ नाही. आणि ज्या काळात शस्त्रक्रियेची शक्यता आहे, त्या आधीच्या तीन महिन्यांत इंजेक्शन शक्यतो टाळतात, संसर्गाच्या भीतीने.

व्यायाम या टप्प्यात फार थोडा. टेबलावर चांगला हात टेकून पुढे वाकायचं, दुखरा हात सोंडेसारखा सोडायचा आणि कमरेने झोके द्यायचे. हात स्वतः काही करत नाही. हा कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जाणारा लंबकाचा व्यायाम. एकेका दिशेने वीस-तीस झोके, दिवसातून तीनदा. शिवाय टेबलावर पंचा ठेवून हात पुढे सरकवणं. ओढून ताणणं, दुसऱ्याकडून हात जोरात वर करवून घेणं, रगडून मालिश, हे सगळं बंद. २००४ मध्ये डियर्क्स आणि स्टीव्हन्स यांनी ७७ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली: एका गटाला दुखण्याच्या मर्यादेतच हालचाल, दुसऱ्याला दुखणं ओलांडून जोरदार ताण. दोन वर्षांनी खांदा जवळपास पूर्ववत असलेले पहिल्या गटात ८९ टक्के, दुसऱ्यात ६३. "दुखल्याशिवाय सुटत नाही" म्हणणाऱ्याला हा आकडा ऐकवावा.

नियम सोपा ठेवला तर पाळता येतो: व्यायामातलं दुखणं दहापैकी तीन-चारच्या वर जाऊ नये आणि तासाभरात उतरावं. रात्र वाईट गेली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करावं.

दुसरा टप्पा: आता ताणायचं

रात्रीचं दुखणं गेलं आणि हात एका भिंतीशी येऊन अडल्यासारखा वाटू लागला की पिशवी ताणायची वेळ आली. आधी दहा-पंधरा मिनिटं गरम शेक किंवा गरम पाण्याचा शॉवर, मग ताण. सर्वांत महत्त्वाचा काठीचा: उताणं, कोपर अंगालगत पंच्यावर, दोन्ही हातांत काठी, चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा हात बाहेर न्यायचा. अडेल तिथे वीस-तीस सेकंद धरायचं, पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा. श्वास रोखला जात असेल तर फार ढकललं. कोपर सुटला तर आकडा वाढतो आणि सांधा तिथेच राहतो. दारात उभं राहून, तळवा चौकटीला टेकवून अंग दुसरीकडे वळवलं की हाच ताण काठीशिवाय मिळतो, प्रवासात उपयोगी.

वर नेण्यासाठी भिंतीवर बोटांनी चढणं आणि पेन्सिलची खूण. इथे आरसा हवा, कारण खांदा कानाकडे चढवून खूण वर नेणं फार सोपं असतं. पाठीमागे पंचा धरून वर ओढण्याचा व्यायाम सगळे उत्साहाने पहिल्या दिवसापासून करतात. तो शेवटी घ्यावा. बाहेर फिरण्याची हालचाल निम्मी तरी परतल्याशिवाय त्यातून मिळतं ते मुख्यतः दुखणं.

फिजिओथेरपिस्टच्या हातात खरी किंमत आहे ती सांधा हलवण्याची: दंडाच्या हाडाचं डोकं उखळीत बारीक बारीक सरकवणं. दुखण्याच्या टप्प्यात अगदी हलके, ताठरपणात टोकापर्यंत. गंमत म्हणजे हात बाहेर फिरावा म्हणून हाड मागे सरकवलेलं जास्त कामी येतं, पुढे नव्हे. भेटीतला सगळा वेळ शेकाच्या आणि विजेच्या यंत्रांखाली पडून जात असेल तर पैसे यंत्राला जातायत. तसं स्पष्ट बोलावं. पहिल्या भेटीत वेदना आणि अडचणींची १३ प्रश्नांची स्पाडी प्रश्नावली भरून घेतली तर उत्तम. शंभराकडे जितका आकडा जास्त तितकी अडचण जास्त. दीड महिन्याने पुन्हा भरली की मतभेदाला जागा उरत नाही, आणि विम्याकडे आणखी भेटी मागताना तोच कागद चालतो.

सुधारणा जिन्यासारखी येते, उतारासारखी नाही. माझ्या वहीत बाहेर फिरण्याचे आकडे महिन्याला एक असे आहेत, पाचव्या महिन्यापासून: १२, १०, १५, १५, १५, २२, २५. तीन पंधरा लागोपाठ आहेत, त्या काळात उपचार बदलण्याचा मोह सगळ्यात मोठा असतो.

अडलंच तर

चार-सहा महिने नीट प्रयत्न करूनही आकडा हलत नसेल तर पुढचे पर्याय असे. सांध्यात सलाइन, भूल आणि स्टेरॉइड मिळून वीस-चाळीस मिलिलिटर दाबाने भरून पिशवी फुगवणं. भरती व्हावं लागत नाही, भरताना काही मिनिटं चांगलंच दुखतं. पूर्ण भूल देऊन हात फिरवून पिशवी फाडणं. यात दंडाचं हाड मोडण्याचा किंवा टेंडन फाटण्याचा थोडा धोका असतो, हाडं ठिसूळ असतील तर जास्त. आणि दुर्बिणीतून पिशवी कापणं. खालचा भाग कापताना काखेतला मज्जातंतू अगदी जवळ असतो, हे शल्यचिकित्सकाला विचारून घ्यावं. कोणताही मार्ग घेतला तरी दुसऱ्या दिवसापासून व्यायाम आलाच. ते जमणार नसेल तर सोडवलेलं पुन्हा आखडतं.

२०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या ५०३ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली: इंजेक्शनसह शिस्तीची फिजिओथेरपी, भुलीखाली हात फिरवणं, आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया. वर्षाअखेर रुग्णाला जाणवेल इतका सरस कोणीच ठरला नाही. शस्त्रक्रियेच्या गटात गंभीर गुंतागुंत अधिक, फिजिओथेरपीच्या गटात पुढे आणखी उपचार लागणारे अधिक. म्हणजे निवड नोकरी, वय, मधुमेह आणि धीर यांवर करायची, कोण जास्त ठामपणे बोलतो यावर नाही.

सुटण्याचे महिने

सुटू लागल्याचं कळतं ते छोट्या गोष्टींतून: बाही सहज चढते, रात्री त्या कुशीवर गेलो होतो हे सकाळी कळतं. ताकदीचे व्यायाम आता, आधी नाही. रबरी पट्टी, कोपर अंगालगत, काखेत पंच्याची गुंडाळी, हात बाहेर. दहाचे तीन फेरे, आठवड्यातून तीनदा. वर्षभर आळसावलेला फरा अजून वर चढायच्या सवयीत असतो, ती आरशासमोरच मोडते.

"दोन वर्षांत आपोआप पूर्ण बरं होतं" हे अर्धसत्य. २००८ मधल्या एका पाठपुराव्यात सरासरी ४.४ वर्षांनी सुमारे ५९ टक्के रुग्णांचे खांदे पूर्ववत किंवा जवळपास तसे होते, ३५ टक्क्यांना सौम्य ते मध्यम तक्रार उरली होती आणि ६ टक्क्यांना तीव्र. तोच खांदा पुन्हा क्वचितच आखडतो. दुसरा मात्र पुढच्या काही वर्षांत धरू शकतो.

एकोणिसाव्या महिन्याची नोंद: डावा ५८, उजवा ७०. त्यानंतर डाव्याचा रकाना बंद केला. उजव्याचा दर महिन्याच्या एक तारखेला चालू आहे.